खारकीव्हच्या प्रयोगशाळा आणि आपली शाबासकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युक्रेनमधील युद्धाच्या बातम्या आता आतल्या पानांवर गेल्या आहेत. अधूनमधून जे छापून येते त्यात एक प्रकारचा मजकूर मात्र हमखास असतो. भुयारी रेल्वेच्या स्थानकात बसून शिकणारी मुले, वीज गेलेल्या खोलीत जाकीट घालून संगणकासमोर बसलेला प्राध्यापक, आणि वर ‘क्षेपणास्त्रांच्या वर्षावातही ज्ञानयज्ञ अखंड’ अशा धर्तीचा मथळा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, याबद्दल शंका नाही. परंतु असे लेखन वाचून वाचकाची समजूत होते की तेथील विद्यापीठांनी संकटावर मात केली, शिक्षण चालू राहिले, आणि आता आपण कौतुक करून पुढच्या बातमीकडे वळण्यास हरकत नाही. रसायनशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले अशा माझ्यासारख्याला ही समजूत अपुरी वाटते. तेथे काय टिकले हे आपण वारंवार वाचतो, पण काय टिकू शकले नाही याचा हिशेब मराठीत फारसा कोणी मांडलेला नाही. म्हणून हे पत्र.

उदाहरण खारकीव्हचे घेतो, कारण विद्यार्थ्यांचे शहर म्हणून युक्रेनमध्ये त्याची जी ख्याती आहे तिला तोड नाही, आणि रशियाची सीमा तेथून अवघ्या तीसेक किलोमीटरवर आहे. तेथील काराझिन विद्यापीठाची स्थापना १८०४ सालची. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे इल्या मेचनिकोव्ह याच विद्यापीठात शिकले. पुढे १९६२ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले लेव्ह लांडाऊ १९३२ ते १९३७ या काळात खारकीव्हमध्ये काम करत होते आणि या विद्यापीठात शिकवतही होते. विद्यापीठाची उंच मुख्य इमारत ज्या विस्तीर्ण स्वातंत्र्य चौकात उभी आहे, त्याच चौकातील प्रांतिक प्रशासनाच्या इमारतीवर १ मार्च २०२२ रोजी सकाळी क्षेपणास्त्र आदळले. कर्नाटकातून वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेला एक तरुण, खाण्याचे सामान आणायला बाहेर पडला असताना, त्याच दिवशी त्याच शहरात मारला गेला. दुसऱ्या दिवशी पोलीस मुख्यालयावर हल्ला झाला आणि त्यात विद्यापीठाच्या एका इमारतीला आग लागून तिचे छप्पर जळून गेले. आपल्या वाहिन्यांनी ही दृश्ये दिवसभर दाखवली होती. त्यानंतर काय झाले, ते दाखवायला कॅमेरे उरले नाहीत.

क्षेपणास्त्राच्या छायेत शिकणे-शिकवणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर आधी वेळेचे गणित समजून घ्यावे लागते. सीमेपलीकडच्या बेल्गोरोद भागातून सोडलेले एस-३०० जातीचे क्षेपणास्त्र खारकीव्हपर्यंत पोहोचायला मिनिटभरही लागत नाही. त्यामुळे भोंगा वाजला, सगळे ओळीने उठले, जिने उतरून तळघरात गेले, असा जो क्रम आपण डोळ्यांसमोर आणतो तो या शहरात पुष्कळदा घडतच नाही. आधी स्फोट होतो आणि भोंगा नंतर वाजतो. तळघर गाठणे शक्य नसेल तर घराच्या आतल्या बोळात जाऊन बसायचे, म्हणजे आपण आणि रस्ता यांच्यामध्ये किमान दोन भिंती राहतील, असा तेथे एक साधा नियम आहे. पहिली भिंत स्फोटाचा दाब झेलते आणि दुसरी उडून आलेले तुकडे अडवते. खारकीव्हमधला विद्यार्थी व्याख्यान ऐकताना कुठे बसायचे हे या नियमानुसार ठरवतो. खिडकीजवळची उजेडाची जागा, जी जगभरातल्या विद्यार्थ्यांना हवीशी वाटते, ती त्याच्यासाठी घरातील सर्वांत वाईट जागा असते.

भोंग्याचा दुसरा त्रास असा की तो लवकर थांबत नाही. धोक्याचा इशारा कित्येक तास, कधी जवळजवळ दिवसभर चालू राहतो. नियमाप्रमाणे प्रत्येक इशाऱ्याला वर्ग थांबवायचा ठरवले तर वर्ग कधी भरणारच नाही, आणि नियम धाब्यावर बसवून विद्यार्थ्यांना सभागृहात बसवून ठेवले तर काय होऊ शकते हे सांगायला नको. ३ सप्टेंबर २०२४ रोजी पोल्ताव्हा शहरातील लष्करी दळणवळण संस्थेवर दोन क्षेपणास्त्रे आदळली तेव्हा इशारा आणि स्फोट यांच्यामध्ये इतका कमी वेळ होता की अनेकांना निवाऱ्यापर्यंत पोहोचताच आले नाही. पन्नासहून अधिक माणसे त्यात गेली. ती संस्था लष्करी होती असे कोणी म्हणेल. मग १३ एप्रिल २०२५ चा रविवार आठवावा. त्या दिवशी सुमी शहरात, ख्रिस्ती सणाच्या गर्दीत, दोन क्षेपणास्त्रे पडली, तीसहून अधिक लोक ठार झाले, आणि ज्या इमारतींना मार बसला त्यात सुमी राज्य विद्यापीठाचे सभा-केंद्रही होते.

या परिस्थितीत विद्यापीठांनी जी घडी बसवली तिच्याबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही. युक्रेनमधील नियमानुसार निवाऱ्यात जितकी माणसे मावतील तितक्याच विद्यार्थ्यांना एका वेळी आवारात बोलावता येते. साहजिकच खारकीव्हमधील उच्च शिक्षण २०२२ पासून मुख्यतः ऑनलाइन चालले. त्यातही विजेचा प्रश्न होता. ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर ठरवून हल्ले सुरू झाले, आणि २२ मार्च २०२४ च्या हल्ल्यानंतर तर सारे खारकीव्ह अंधारात गेले. शिकवणारा एका शहरात, शिकणारे दहा शहरांत आणि तीन देशांत, आणि प्रत्येक ठिकाणी भारनियमनाचे वेळापत्रक वेगळे. अशा वेळी ठरल्या वेळेचा तास ही कल्पनाच मोडून पडते. म्हणून व्याख्यान आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, ज्याला जेव्हा वीज मिळेल तेव्हा त्याने ते ऐकायचे, आणि प्रश्न लिहून पाठवायचे, ही रीत रूढ झाली. सरकारने जागोजागी उभारलेल्या ‘अजेयता केंद्रां’त ऊब, चार्जिंग आणि इंटरनेट मिळत असे. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी तेथे संगणक घेऊन बसणार हे उघडच आहे.

प्रवेशपरीक्षेची गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते, कदाचित जन्मभर पर्यवेक्षण केल्यामुळे असेल. २०२२ मध्ये जुनी परीक्षापद्धत बाजूला ठेवून युक्रेनने एकाच दिवशी संगणकावर द्यायची अनेक विषयांची एकत्रित परीक्षा आणली आणि परदेशी निघून गेलेल्या मुलांसाठी इतर देशांतही केंद्रे उघडली. परीक्षा चालू असताना भोंगा वाजला तर ती थांबते, परीक्षार्थी निवाऱ्यात जातात, धोका टळल्यावर परत येऊन उरलेला पेपर पूर्ण करतात. इशारा फारच लांबला तर त्यांच्यासाठी वेगळ्या दिवशी पुन्हा परीक्षा घेतली जाते. ज्या देशावर रोज हल्ले होतात तो देश सर्वांना सरसकट उत्तीर्ण करून मोकळा झाला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी तसे केले नाही. गुणपत्रिकेला किंमत राहावी म्हणून इतका खटाटोप करणाऱ्या व्यवस्थेकडे आपण गांभीर्याने पाहिले पाहिजे.

इतके कौतुक करून झाल्यावर आता मूळ मुद्द्यावर येतो. जे ऑनलाइन होऊ शकते तेच ऑनलाइन झाले. इतिहासाचे व्याख्यान बोळात बसून ऐकता येते, गणिताची सिद्धता फळ्याऐवजी पडद्यावर मांडता येते. रसायनशास्त्राचे काय? अनुमापन, म्हणजे एका द्रावणाच्या साहाय्याने दुसऱ्याची तीव्रता मोजणे, ही आमच्या विषयातील अगदी प्राथमिक क्रिया. ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मोजनळीतून, अल्कलीचा एकेक थेंब आम्लात सोडायचा, फ्लास्क हलवत राहायचा, आणि फिनॉल्फ्थॅलिन या दर्शक द्रव्याचा अगदी फिका गुलाबी रंग ज्या थेंबाला टिकून राहील त्या थेंबाला तोटी बंद करायची. एक थेंब जास्त पडला की रंग गडद होतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लागोपाठची तीन रीडिंग जुळेपर्यंत विद्यार्थी हे करत राहतो आणि त्यातून त्याची बोटे शिकतात. याची उत्तम चित्रफीत काढता येते, ती दहा वेळा पाहता येते, त्यावर प्रश्नमंजूषा घेऊन पैकीच्या पैकी गुणही देता येतात, पण पाहणाऱ्याच्या हाताला त्यातून काहीही येत नाही.

आता कालगणना पाहू. कोविडमुळे मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले, आणि ते पुरते सावरतात न सावरतात तोच २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू झाले. म्हणजे २०२० मध्ये खारकीव्हमध्ये विज्ञान शाखेत प्रवेश घेतलेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला तेव्हा त्याने प्रयोगशाळेत घालवलेला काळ किती असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. त्याच्या मागून आलेल्यांची स्थिती त्याहून कठीण, कारण त्यांनी आपले वर्गमित्रही पडद्यावरच्या चौकटींतच पाहिले. माध्यमिक शाळेची अखेरची वर्षे कोविडमध्ये आणि महाविद्यालयाची सारी वर्षे युद्धात, अशी ही मुले आहेत. प्रयोगात चुकल्यावर शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारणे, शिक्षकाने न सांगता केलेली एखादी युक्ती नजरेने टिपणे, तास संपल्यावर जिन्यात रंगलेला वाद, या गोष्टी अभ्यासक्रमात कुठेच लिहिलेल्या नसतात आणि विद्यापीठ मात्र बव्हंशी त्यांनीच घडते. ज्ञानयज्ञाच्या मथळ्यात ही तूट दिसत नाही.

संशोधनाची तूट आणखी खोल आहे. खारकीव्हच्या उत्तरेकडील प्यातिखात्की ही भौतिकशास्त्रज्ञांची वसाहत. तेथील संस्थेने १९३२ मध्ये सोव्हिएत संघात प्रथमच लिथियमच्या अणुकेंद्राचे कृत्रिम विघटन केले होते. त्याच संस्थेच्या आवारातील न्यूट्रॉन स्रोताची संशोधन सुविधा मार्च २०२२ च्या माऱ्यात सापडली. खारकीव्ह प्रांतातच यूटीआर-२ नावाची, दहा मीटर आणि त्याहून लांब रेडिओ लहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण आहे. हा भाग २०२२ मध्ये काही महिने रशियन सैन्याच्या ताब्यात होता आणि त्यात तिची मोठी नासधूस झाली. ही झाली नावाजलेली साधने. लहान प्रयोगशाळेत जे जाते त्याची बातमीही होत नाही. उणे ऐंशी अंशांवर जपलेले पेशींचे नमुने चोवीस तास वीज नसल्यावर फेकून द्यावे लागतात. खिडकीची तावदाने फुटून तेथे प्लायवूड ठोकले की हिवाळ्यात आतले तापमान शून्याखाली जाते, मग पाण्याचे नळ फुटतात, काचेची उपकरणे तडकतात, आणि तराजू कितीही महागडा असला तरी त्याच्या वजनावर विश्वास ठेवता येत नाही. वीज परत आल्यावर विद्यार्थी यांतले काहीच लगेच पुन्हा उभे करू शकत नाही. चार वर्षे वाढवलेला पेशींचा एखादा संच पुन्हा चार वर्षे वाढवावा लागतो. हा अनुभव एकट्या युक्रेनचा नाही. जून २०२५ मध्ये इराणच्या क्षेपणास्त्रांनी इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील प्रयोगशाळा जाळल्या तेव्हा तेथील संशोधकांनीही याच नुकसानीबद्दल सांगितले, आणि गाझामधील विद्यापीठांच्या तर इमारतीही धड उभ्या राहिल्या नाहीत. तेथील विषय स्वतंत्र पत्राचा आहे.

विद्यापीठ उचलून दुसरीकडे नेता येत नाही का, असा प्रश्न कोणी विचारेल. युक्रेनने तेही केले आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, खारकीव्हचे विद्यापीठ कझाकस्तानातील किझिलोर्दा येथे हलवण्यात आले आणि तेथे ते कीव्ह विद्यापीठाबरोबर एकत्र चालवले गेले. अलीकडच्या काळात दोनेत्स्कचे विद्यापीठ २०१४ मध्ये विन्नित्सिया येथे गेले, २०२२ नंतर खेरसोनचे इव्हानो-फ्रान्किव्हस्क येथे आणि मारिउपोलचे कीव्ह येथे. विस्थापित विद्यापीठ आपल्याबरोबर नेते ते प्रामुख्याने नाव, शिक्का, विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि जमतील तितकी माणसे. (नोंदी नेल्या हे थोडे नव्हे. ज्याची गुणपत्रिका हरवली त्याचे शिक्षणच झाले नाही असे जग समजते.) ग्रंथालय, वनस्पतिसंग्रह, खनिजांची कपाटे आणि यंत्रे मागेच राहतात.

माणसांची गळतीही लक्षात घ्यायला हवी. युद्ध सुरू झाल्यावर अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास बंदी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये अठरा ते बावीस वयोगटाला त्यातून सूट मिळाली, म्हणजे नेमक्या महाविद्यालयीन वयाच्या मुलांना. ती सूट मिळाल्यावर बाहेर पडणाऱ्या मुलाला कोण दोष देईल? काही प्राध्यापक सैन्यात गेले, काही मुलांसह पोलंड वा जर्मनीत राहून तेथून आपल्या विद्यापीठाचे तास घेत राहिले. ही मंडळी परत येतील की नाही, हे बऱ्याच अंशी यावर अवलंबून राहील की परत येण्यासाठी प्रयोगशाळा उरली आहे की नाही.

आपला या सगळ्याशी संबंध काय, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. युद्ध सुरू झाले तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थी युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होते आणि त्यांत महाराष्ट्रातील मुले मोठ्या संख्येने होती. ‘ऑपरेशन गंगा’मधून सुमारे २२,५०० भारतीय नागरिक परत आले. २ मार्चला दूतावासाने खारकीव्हमधील विद्यार्थ्यांना मिळेल त्या मार्गाने, वाहन नसेल तर पायी, पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिव्हका या जवळच्या वस्त्यांत संध्याकाळपर्यंत पोहोचण्याची सूचना दिली होती, हे अनेक पालक विसरले नसतील. त्यानंतर आपल्याकडे चर्चा झाली ती ‘मुले तिकडे जातातच का’ यावर, शुल्कावर आणि जागांवर. ती चर्चा आवश्यक होती. परंतु ज्या शिक्षकांनी स्वतः निवाऱ्यात राहून या मुलांचे तास घेतले, ‘क्रॉक’ या परवाना परीक्षेच्या अटी त्या वर्षापुरत्या शिथिल होताच त्यांच्या मूल्यमापनाची कागदपत्रे तयार करून पाठवली, त्यांची आठवण आपण फारशी ठेवली नाही. आपल्याकडील राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने प्रत्यक्ष रुग्णालयीन प्रशिक्षणाचा आग्रह धरला तेव्हा पालक रागावले, तरी मला तो आग्रह रास्तच वाटला. रुग्णाच्या पोटावर हात ठेवल्याशिवाय पोट तपासता येत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयासमोर मार्ग निघाला, अंतिम परीक्षेची एक विशेष संधी आणि त्यानंतर दोन वर्षांचे प्रशिक्षण अशी व्यवस्था झाली. म्हणजे आपल्या मुलांची प्रात्यक्षिकांची तूट भरून काढली पाहिजे हे आपण मान्य केले. त्यांच्याच बाकावर बसणाऱ्या युक्रेनियन मुलांची तीच तूट मात्र आपल्याला जिद्दीची कहाणी वाटते. हा विरोधाभास मला टोचतो.

मदतीचे मार्ग ठाऊक नाहीत असेही नाही. ब्रिटनमधील विद्यापीठांनी युक्रेनच्या विद्यापीठांशी जोड्या जमवल्या असून त्यांची संख्या शंभराच्या घरात गेली आहे. युद्धाच्या पहिल्या काही आठवड्यांत जगभरातील हजारावर स्वयंसेवकांनी एकत्र येऊन युक्रेनमधील संग्रहालये आणि ग्रंथालये यांच्या संकेतस्थळांच्या प्रती सुरक्षित सर्व्हरवर उतरवून घेतल्या. भारतीय विद्यापीठांना यापेक्षा वेगळी, आणि माझ्या मते अधिक उपयोगी, गोष्ट करता येईल. युक्रेनमधील विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा-आठ आठवडे आपल्या प्रयोगशाळांत काम करू द्यावे, त्या कामाचे गुण त्यांच्या विद्यापीठाने ग्राह्य धरावेत असा करार करावा, आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना नमुने तपासण्यासाठी आपली यंत्रे वापरू द्यावीत. यासाठी परराष्ट्र धोरण बदलावे लागत नाही, कोणाची बाजूही घ्यावी लागत नाही. रशियातून शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याला आपण दार बंद करत नाही आणि करूही नये. मुद्दा इतकाच आहे की ज्याच्या डोक्यावरचे छप्पर गेले आहे त्याला ब्युरेट आणि टेबल द्यायचे.

आपल्या दैनिकाकडून एक अपेक्षा आहे. खारकीव्ह, सुमी, विन्नित्सिया येथे शिकून आता महाराष्ट्रात डॉक्टर झालेली कितीतरी मुले असतील. त्यांच्याकडून त्यांच्या शिक्षकांबद्दल लिहवून घ्यावे, त्या शिक्षकांशी संपर्क साधून आज त्यांच्या विभागात कोणती प्रात्यक्षिके होऊ शकतात व कोणती बंद आहेत हे विचारावे, आणि ते उत्तर जसेच्या तसे छापावे. त्या यादीतील एखादे प्रात्यक्षिक घेण्याची तयारी येथील एखाद्या महाविद्यालयाने दाखवली, तर पत्रव्यवहार, वेळापत्रक आणि प्रयोगांच्या मांडणीचे काम विनामूल्य करण्यास मी आणि माझे काही निवृत्त सहकारी तयार आहोत.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक